देश निवडण्याआधी महिने मोजा

नीटचा निकाल लागला की आठवड्याभरात लातूर, नांदेड, पुण्याच्या हॉटेलांमधल्या हॉलमध्ये 'परदेशात एमबीबीएस'चे सेमिनार सुरू होतात. टेबलावर ब्रोशर्सचा ढीग, आणि जवळपास प्रत्येक ब्रोशरवर एक ओळ ठरलेली: 'एनएमसी मान्यताप्राप्त विद्यापीठ'. ही ओळ दिसली की सावध व्हा. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग, म्हणजे एनएमसी, परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढतच नाही. परदेशातून शिकून भारतात प्रॅक्टिस करायची तर कोणत्या अटी पाळायच्या, याचे नियम आयोगाने घालून दिलेत. आपलं कॉलेज त्यात बसतं की नाही हे तपासायची जबाबदारी विद्यार्थ्याची. सहा वर्षांनी कळलं की बसत नाही, तर एजंटचा फोन लागत नाही, एवढंच.

हे नियम १८ नोव्हेंबर २०२१ चे, आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्या सगळ्यांना लागू. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. शिवाय त्याच संस्थेत किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. सगळं शिक्षण एकाच संस्थेत, सुरुवातीपासून १० वर्षांच्या आत. तिथल्या नागरिकाला ज्या दर्जाचा वैद्यकीय परवाना मिळतो, त्याच दर्जाचा परवाना मिळण्याची पात्रता त्या डिग्रीने आली पाहिजे. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची भारतातली परीक्षा, पास व्हायची आणि पुन्हा १२ महिने भारतात इंटर्नशिप करायची. हो, इंटर्नशिप दोनदा. 'तिकडची नको, इकडेच करून टाकू' असं कोणी सांगत असेल तर त्याने नियम वाचलेले नाहीत, किंवा वाचून लपवलेत.

आता महिन्यांचा हिशेब. हा ब्रोशरवर नसतो, कागद-पेन घेऊन आपणच करायचा. समजा किर्गिझस्तानमधला '५ वर्षांचा' कोर्स आहे, सप्टेंबर २०२६ ला सुरू, जून २०३१ ला संपणार. हे झाले ५८ महिने. ५४ ची अट सुटली. पण इंटर्नशिप कुठे आहे? ती या पाच वर्षांनंतर वेगळी असेल तर ठीक. पाचव्या वर्षालाच इंटर्नशिप म्हणत असतील तर अभ्यासक्रम उरतो चार वर्षांचा, सप्टेंबर २०२६ ते जून २०३०, म्हणजे ४६ महिने. गेलं.

सहा वर्षांच्या कोर्समध्येही खाच आहे. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असेल आणि ते सप्टेंबर ते जून चालत असेल, तर ते १० महिने भरतात, १२ नाही. दोन महिन्यांसाठी पुढची दोन वर्षं लटकू शकतात. म्हणून विद्यापीठाकडून लेखी घ्या: इंटर्नशिप कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या हॉस्पिटलमध्ये, आणि प्रमाणपत्र वेगळं मिळणार की नाही. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'हो सर, होतं' हे लेखी नव्हे.

या एका हिशेबात काही देश आपोआप गळतात. फिलिपीन्समध्ये आधी बीएस (विज्ञानाची पदवी) आणि मग एमडी, जी तिथली मूळ वैद्यकीय पदवी आहे, आपल्यासारखी पदव्युत्तर नव्हे; एमडी चार वर्षांची, म्हणजे ४८ महिने, आणि आधीचं बीएस वैद्यकीय अभ्यासक्रमात धरलं जात नाही. कॅरिबियन बेटांवरच्या बऱ्याच कॉलेजांत पहिली दोन वर्षं बेटावर आणि क्लिनिकल रोटेशन, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष शिक्षण, अमेरिकेत असतं. अमेरिकेतच डॉक्टर व्हायचं असेल तर तो वेगळा रस्ता आहे, पण भारतात परतायचं असेल तर 'सगळं एकाच संस्थेत' ही अट तिथे मोडते. २०२५ मध्ये आयोगाने बेलीझमधल्या तीन आणि उझबेकिस्तानमधल्या एका संस्थेबद्दल नाव घेऊन इशारा दिला होता. उरलेल्या सगळ्या संस्था बिनधोक, असा त्याचा अर्थ मात्र काढू नका.

नेपाळ या बाबतीत सरळ आहे. साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे ५४ अधिक १२. आपल्या एमबीबीएसचाच साचा. तिथे त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षाही द्यावी लागते, ती टाळून 'डायरेक्ट सीट' देणाऱ्यापासून लांब राहा. बांगलादेशात पाच वर्षं अधिक एक वर्ष. तिथे दहावी-बारावीच्या गुणांवरून जीपीए काढतात, त्यामुळे बोर्डाच्या गुणांना किंमत आहे, आणि बारावीनंतर फार गॅप पडलेला चालत नाही. नीट रिपीट करत बसलेल्यांनी हे आधीच बघावं.

माध्यमाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण फसगत इथे सगळ्यात जास्त. ऑफर लेटरवर 'मीडियम: इंग्लिश' असतं. रशियात अनेक ठिकाणी पहिली तीन वर्षं इंग्रजीत शिकवतात आणि क्लिनिकल सुरू झालं की रशियन. कागदावर इंग्रजी असलं तरी वॉर्डातला पेशंट रशियनच बोलतो, त्याची केस शीट रशियनमध्येच असते, सिस्टरही रशियनमध्येच बोलते. हिस्ट्री घेता, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची माहिती काढता, आली नाही तर विद्यार्थी खाटेच्या मागे उभा राहतो आणि तीन वर्षं तसाच उभा राहतो. जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, चीन, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. तिथली भाषा पहिल्या वर्षापासून गंभीरपणे शिकायची तयारी नसेल तर त्या देशाचा विचारच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नेपाळमध्ये पाट्या देवनागरीत आहेत आणि हिंदीवर बरंच भागतं. बांगलादेशात बंगाली शिकावी लागते, पण ती कानाला परकी वाटत नाही.

चीनबाबत एक जास्तीची तपासणी: तिथल्या शिक्षण मंत्रालयाने इंग्रजीतून एमबीबीएस शिकवायला फक्त ४५ विद्यापीठांना परवानगी दिलेली होती. यादीबाहेरचं कॉलेज असेल तर पुढे बोलायचंच नाही.

परवान्याच्या अटीत 'समान' हा शब्द महत्त्वाचा. जॉर्जियात तिथल्या नागरिकालाही डिग्रीनंतर रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण) केल्याशिवाय स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. त्यामुळे 'तिकडे लगेच परवाना मिळतो का' हा प्रश्न अपुरा आहे. प्रश्न असा विचारायचा: तिथल्या मुलाला या डिग्रीवर जे मिळतं ते परदेशी मुलाला मिळतं का, की परदेशी मुलांसाठी वेगळाच, फक्त निर्यातीचा कोर्स चालवलाय? उत्तर विद्यापीठाकडून नको, त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाच्या किंवा मेडिकल कौन्सिलच्या पत्रावर हवं.

आता एफएमजीई. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं. जून २०२५ च्या सत्राचा निकाल लागला १८.६१ टक्के. मुलं ढ असतात म्हणून नव्हे. पेपर भारताचा असतो म्हणून. कम्युनिटी मेडिसिनला ३० गुण आहेत, स्त्रीरोग-प्रसूतीइतकेच. त्यात आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोग आणि हिवतापाचे राष्ट्रीय कार्यक्रम, आशा कार्यकर्ती, उपकेंद्राची लोकसंख्या. जॉर्जियातल्या तिबिलिसी किंवा किर्गिझस्तानातल्या बिश्केकमधला प्राध्यापक हे का शिकवेल? फॉरेन्सिकच्या १० गुणांत भारतीय कायदा. मेडिसिनमध्ये सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, डेंग्यू. ढाक्यातल्या किंवा नेपाळच्या तराईतल्या वॉर्डात हे पेशंट खरोखर येतात. कझाकस्तानातल्या बर्फात नाग कुठून येणार!

परीक्षा घेणारी संस्था विद्यापीठनिहाय निकालही प्रसिद्ध करत आली आहे. देशाची टक्केवारी न बघता तुमच्या कॉलेजची ओळ शोधा. किती बसले हे आधी बघा, टक्के नंतर. चार बसले आणि तीन पास झाले तर ७५ टक्के होतात, त्याचा काहीच अर्थ नाही. दोनशे-तीनशे बसलेत आणि तीन-चार वर्षं निकाल टिकून आहे, ते कॉलेज खरं. उलट, मोठ्या कॉलेजच्या आकड्यात जुने रिपीटरही मिसळलेले असतात, म्हणून दोन-चार टक्क्यांच्या फरकावरून निर्णय घेऊ नका.

पैशाकडे आधी बघतात, मी मुद्दाम नंतर घेतलं. नेपाळ-बांगलादेश महाग, मध्य आशिया स्वस्त, हे ढोबळमानाने खरं. पण फी डॉलरमध्ये असते. २०१९ ला डॉलर ७० रुपयांच्या आसपास होता, २०२५ ला ८५ च्या पुढे गेला. म्हणजे ५,००० डॉलरची फी साडेतीन लाखांवरून सव्वाचार लाखांवर, विद्यापीठाने एक सेंट न वाढवता. हिशेब आजच्या दराने न करता दरवर्षी थोडी वाढ धरून करा. वर्षाला १० लाखांच्या वर स्वतःचे पैसे पाठवले तर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, कापते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण त्या वेळी रोख अडकते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो नाही.

कर्जाचं वेळापत्रक मात्र नीट बघा. सप्टेंबर २०२६ ला गेलेला मुलगा इंटर्नशिपसह ऑगस्ट २०३२ ला मोकळा होतो. जूनची एफएमजीई हुकते, कारण डिग्री हातात नसते. डिसेंबर २०३२ ला पहिल्या झटक्यात पास झाला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी झाली, इंटर्नशिपला जागा मिळाली, तरी २०३४ चा उन्हाळा उजाडतो. जागाही मर्यादित: एका कॉलेजच्या जागांच्या ७.५ टक्केच परदेशी पदवीधरांना. हप्ते न भरण्याची बँकेची सवलत सहसा कोर्स संपल्यावर एक वर्ष, म्हणजे हप्ता ऑगस्ट २०३३ ला सुरू. इंटर्नशिपच्या मधोमध. ते हप्ते कोण भरणार हे आज ठरवा.

सुरक्षेवर थोडक्यात: २०२२ ला युक्रेन, मे २०२४ ला बिश्केकमधले हल्ले, त्याच वर्षी जुलै-ऑगस्टला बांगलादेश, जून २०२५ ला इराण. कुठलाच देश पक्का नाही. आणि मध्येच कॉलेज बदलता येत नाही. युक्रेनच्या मुलांना मिळाली ती खास सवलत होती, नियम नव्हे. म्हणूनच, नीटला सरकारी कटऑफच्या अगदी जवळ असाल तर घाईने कुठल्यातरी कॉलेजात जाण्यापेक्षा एक वर्ष रिपीट करणं परवडतं. नीट पात्र न होता जाणं हा पर्यायच नाही. आधी प्रवेश, मग नीट, हे चालत नाही. पात्रता निकालापासून तीन वर्षं टिकते.

ठरलंच तर कागदांची शिस्त ठेवा. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात, त्यांच्या इन्व्हॉइसवर. एजंटची फी वेगळी आणि पावतीवर. मूळ मार्कशीट एजंटच्या ताब्यात देऊ नका. व्हिसा विद्यार्थ्याचाच हवा आणि त्यावरचं कॉलेज ऑफर लेटरशी जुळलं पाहिजे. परत आल्यावर तुम्ही खरोखर तिथे होतात का, हे पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांवरून तपासतात, म्हणून मध्ये पासपोर्ट नवा केला तरी जुना जपून ठेवा. दर सेमिस्टरची गुणपत्रिका त्या त्या वेळीच घ्या, आणि इंटर्नशिपच्या लॉगबुकवर सही-शिक्का प्रत्येक पोस्टिंग संपल्याच्या दिवशीच करून घ्या. विभागप्रमुख बदलला की जुन्या पोस्टिंगवर सही द्यायला कोणी तयार होत नाही.