गाठ परत आली की रेडिएशनचा परिणाम? माझ्या एमआरआयचा अनुभव

रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं: डाव्या टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानाजवळचा भाग) कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून दिलेलं चित्र उठावदार करणारं औषध, घेणारा नवा ठिपका, गाठ पुन्हा वाढलेली असू शकते किंवा रेडिएशन नेक्रोसिस. रेडिएशन संपून वर्ष उलटलं होतं आणि मी कामावर रुजूही झाले होते. घरात सगळ्यांनी त्या ओळीचा पहिला अर्धाच वाचला. मीसुद्धा.

दुसरा अर्धा माझ्या रेडिएशनच्या डॉक्टरांनी समजावला. माझी गाठ लो-ग्रेड ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची हळू वाढणारी गाठ. तिच्या पेशी आजूबाजूला पसरलेल्या असतात, म्हणून गाठीभोवती थोडा निरोगी दिसणारा भागही किरणांच्या कक्षेत मुद्दाम धरतात. अशा गाठीला साधारण ५० ते ५४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) डोस देतात, रोज १.८ ग्रे. गाठीभोवतीच्या त्या पट्ट्याला जवळजवळ पूर्ण डोस मिळतो आणि त्याच्या पलीकडे तो उतरत जातो. पहिल्या काही महिन्यांतली सूज बहुतेकदा ओसरते. पण सहा महिन्यांनंतर, कधी काही वर्षांनीही, बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि मज्जातंतूंवरचं मायलिन बनवणाऱ्या पेशी यांना झालेली इजा वर येते. तेवढा भाग मेला, की ते नेक्रोसिस.

अडचण अशी, की साध्या एमआरआयमध्ये दोन्ही बऱ्याचदा सारखंच दिसतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत जिथे गळते तिथे कॉन्ट्रास्ट बाहेर येतो आणि जागा पांढरी चमकते. ती भिंत गाठही फोडते आणि किरणही.

म्हणून पुन्हा एमआरआय, या वेळी परफ्यूजन (रक्ताचं प्रमाण), स्पेक्ट्रोस्कोपी (पेशींतली रसायनं) आणि डिफ्यूजन टेन्सर (तंतूंमधल्या पाण्याची हालचाल) या तपासण्यांसह. आधी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. मग नेहमीच्या निळ्या सुईऐवजी जाड गुलाबी सुई लावली, कारण परफ्यूजनसाठी कॉन्ट्रास्ट पंपाने काही सेकंदांत आत जावा लागतो. “ताई, आता हात गार पडेल, हलू नका,” असं हेडफोनमधून ऐकू आलं आणि कोपरापासून खांद्यापर्यंत गारवा सरकत गेला. त्याच वेळी मशीन एकामागून एक झपाट्याने चित्रं घेत होतं. डिफ्यूजनच्या वेळी आवाज सर्वांत कर्कश, टेबलसुद्धा थरथरतं. मी डोळे मिटून श्वास मोजत राहिले.

वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, त्यामुळे तिथे रक्ताचं प्रमाण सहसा वाढलेलं दिसतं. नेक्रोसिसमध्ये ते सहसा कमी असतं. माझ्या ठिपक्यात ते कमी होतं. स्पेक्ट्रोस्कोपीने मात्र स्पष्ट उत्तर दिलं नाही. पेशींची उलाढाल दाखवणारं कोलिन थोडं वाढलेलं होतं, मृत पेशींकडे बोट दाखवणारं लिपिडही होतं, आणि कवटीच्या तळाचं हाड जवळ असल्याने आलेख फारसा स्वच्छ नव्हता.

मला सर्वांत जास्त समजलं ते डॉक्टरांच्या प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरवर. त्यांनी नवा एमआरआय माझ्या जुन्या प्लॅनवर बसवला. मेंदूभोवती रंगीत रेषा उमटल्या, प्रत्येक रेषा म्हणजे एक डोस. ठिपका सर्वांत आतल्या, म्हणजे सर्वांत जास्त डोसच्या रेषेला चिकटून होता, मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या कडेला, जिथे मूळ गाठ कधीच नव्हती. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. ग्लायोमा परत येतो तोही बहुतेकदा जास्त डोस मिळालेल्या भागातच, त्यामुळे नुसत्या जागेवरून निकाल लावायचा नसतो. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं.

मग मी विचारलं, ठिपका राहू दे, बाकीच्या मेंदूचं काय? मला बोलताना साध्या वस्तूंची नावं आठवेनाशी झाली होती. ऑपरेशनच्या आधी सर्जननी भाषेचे तंतू पाहण्यासाठी डिफ्यूजन स्कॅन करून घेतला होता, तो इथे कामी आला. निरोगी तंतूंमध्ये पाणी तंतूच्या दिशेने सरकतं. मायलिनला इजा झाली की ते आडवंही पसरू लागतं. डाव्या बाजूला हा फरक दिसत होता, फ्लेअर चित्रात (सूज वा इजा पांढरी दाखवणारा एमआरआयचा प्रकार) पांढुरकी झाक होती आणि स्मरणशक्तीशी संबंधित डावा हिप्पोकॅम्पस आधीपेक्षा किंचित लहान वाटत होता. डॉक्टर म्हणाले, एका माणसाच्या आकड्यांवर फार भार टाकू नका, मशीन बदललं तरी ते बदलतात. तरीही माझ्यासाठी ते महत्त्वाचं होतं. इतके महिने मी जे सांगत होते, त्याला ताण आणि वय ही कारणं देऊन झाली होती. आता एक शक्य कारण पडद्यावर दिसत होतं.

ट्यूमर बोर्डने (वेगवेगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या एकत्र बैठकीने) बायोप्सी, म्हणजे ठिपक्याचा तुकडा काढून तपासणं, टाळली. सूज फारशी नव्हती म्हणून स्टेरॉइडही दिलं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करायचं ठरलं. ती वाट पाहणं सर्वांत कठीण होतं, त्याबद्दल जास्त लिहवत नाही. पुढच्या स्कॅनमध्ये ठिपका लहान झाला होता, त्यानंतरच्यात आणखी. नेक्रोसिसचंच निदान पक्कं धरलं गेलं. पांढुरकी झाक मात्र तशीच आहे.

ज्यांचं मेंदूचं रेडिएशन व्हायचं आहे त्यांना कळकळीने सांगते: रेडिएशनच्या आधीचा एमआरआय पूर्ण सीडीवर घेऊन ठेवा, नुसत्या रिपोर्टवर थांबू नका. डोसचा प्लॅनही मागून घ्या. पुढचे स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा. आणि डॉक्टरांना गाठीबरोबर निरोगी भागाबद्दलही विचारा, कारण आपण विचारलं नाही तर रिपोर्ट बहुधा गाठीपुरताच लिहिला जातो.

माझ्या पुढच्या चिठ्ठीत बारीक रक्तस्राव टिपणारी ससेप्टिबिलिटीची चित्रंही लिहिली आहेत; किरणांनंतर काही वर्षांनी असे ठिपके दिसू शकतात. स्मरणशक्तीची चाचणी त्याच आठवड्यात ठेवली आहे, म्हणजे चित्र आणि गुण एकत्र पाहता येतील.