रत्नागिरी ते देवगड: टॅबवरचं रडार बघून पुढे जाऊ नका

ऑक्टोबरात दुपारी लहान विमानाने मुंबईहून गोव्याकडे निघणार असाल तर टॅबवरच्या रडारच्या, म्हणजे पावसाचे ढग दाखवणाऱ्या हवामान अ‍ॅपच्या भरवशावर रत्नागिरी ओलांडू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण खाली आकडेमोड बरीच आहे आणि ती वाचायचा कंटाळा केला तरी एवढं लक्षात राहायला हवं.

माझी फेरी अशी: सेस्ना १७२ हे लहान विमान, वेग ११० नॉट (ताशी सुमारे २०४ किलोमीटर), उंची ४,५०० फूट. अलिबाग, मुरुड, हर्णे, गुहागर हा टप्पा सोपा आहे. जयगडपर्यंत हवा स्वच्छ होती. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

रत्नागिरीवर दुपारचे ३:१४ झाले होते. अ‍ॅपवर ठळक अक्षरांत ‘३ मिनिटांपूर्वी अपडेट’. चित्रात राजापूरवर एक लाल ठिपका, म्हणजे जोरदार पावसाचा ढग, दुसरा कणकवलीच्या बाजूला आणि जैतापूरपासून देवगडपर्यंतचा किनारा पूर्ण मोकळा. सहा मिनिटांनी पूर्णगडची खाडी खाली आली तेव्हा जैतापूरच्या जागी किनाराच दिसत नव्हता. घाटापासून थेट समुद्रापर्यंत करडी भिंत उभी होती आणि तिच्या पायथ्याशी पाण्यावर फेसाची पांढरी रेघ पश्चिमेला सरकत होती. ती रेघ म्हणजे ढगातून खाली आदळून पसरलेल्या गार वाऱ्याची कड. तिच्यात पाऊस नसतो, त्यामुळे इतक्या लांबच्या रडारला ती दिसत नाही.

चूक कुठे झाली? ‘३ मिनिटांपूर्वी’ ही वेळ अ‍ॅपने चित्र उतरवून घेतल्याची. खरी वेळ मूळ चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते, तीही यूटीसीमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत. तिथे ०९:२२ होतं. साडेपाच तास मिळवले की २:५२. म्हणजे चित्र २२ मिनिटं शिळं. रडार एकेका कोनात फिरून फेरा पुरा करतं, मग चित्र तयार होऊन वेबसाइटवर चढतं, मग अ‍ॅप ते उचलतं, मग मोबाइलला रेंज मिळते. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी मिनिटं जातात. अमेरिकेत विमानात उपग्रहावरून रडारची चित्रं मिळतात, तिथेही हेच झालं आणि अपघात झाले. तिथल्या अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने जून २०१२ मध्ये वैमानिकांना सूचना काढली की पडद्यावर दिसणाऱ्या वयापेक्षा चित्र १५ ते २० मिनिटांनी जास्त जुनं असू शकतं. आपल्याकडे तर हवेत मोबाइलची रेंज येते-जाते. रेंज गेली की चित्र गोठतं आणि अ‍ॅप त्याची जाणीवही करून देत नाही.

आता हिशोब. ०९:०२ आणि ०९:२२ ही दोन चित्रं एकावर एक ठेवली तर राजापूरच्या ढगाची पश्चिम कड २० मिनिटांत १२ किलोमीटर सरकली होती. म्हणजे ताशी ३६. पूर्णगडला पोचेपर्यंत चित्राला २८ मिनिटं झाली होती, तेवढ्यात ढग सुमारे १७ किलोमीटर जाणार. राजापूर ते जैतापूर अंतर साधारण तेवढंच. रत्नागिरीवर कागद-पेन्सिल घेतली असती तर भिंत कुठे भेटणार हे तिथेच कळलं असतं. शिवाय हा हिशोब फक्त सरकण्याचा. ऑक्टोबरातला ढग २०-३० मिनिटांत शून्यातून पूर्ण उभा राहतो, ती वाढ कुठल्याच हिशोबात धरता येत नाही.

याच पट्ट्यात हे का नडतं, त्याचं कारण भूगोलात आहे. कुलाब्याच्या रडारपासून रत्नागिरी सुमारे २१८ किलोमीटर, पणजीच्या रडारपासून सुमारे १७५. पृथ्वी गोल, त्यामुळे लांब जाईल तसा किरण वर चढतो. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेल्या किरणाचा मध्य १७५ किलोमीटरवर जवळजवळ ११,००० फुटांवर असतो, २१८ वर १५,००० च्याही वर. राजापूर पणजीपासून १३० च्या आसपास, तिथेही तो ७,००० फुटांच्या खाली येत नाही. तुम्ही ४,५०० वर उडताय. तुमच्या उंचीवर काय चाललंय ते दोन्हीपैकी एकाही रडारला नीट दिसत नाही. आणि रत्नागिरी ते देवगड ३७ नॉटिकल मैल (सुमारे ६९ किलोमीटर) म्हणजे २० मिनिटं. चित्राचं वय आणि पट्टा ओलांडायचा वेळ जवळपास सारखाच.

दोन ठिपक्यांमधली फट बघून मोह होतो. जोरदार गडगडाटी ढगापासून २० नॉटिकल मैल लांब राहायचं हा जुना नियम. दोन ढगांच्या मधून जायचं तर फट ४० ची हवी, म्हणजे ७४ किलोमीटर. इथे सह्याद्री ते समुद्र रुंदीच ५०-६० किलोमीटर. कोकणपट्टीत ही फट मावतच नाही. त्यामुळे मधून जायचा विचारच करू नका, आज नाही आणि पुढच्या वर्षीही नाही.

समुद्रावरून वळसा? परतीच्या पावसात दुपारचे ढग घाटमाथ्यावर उठून वरच्या पूर्वेच्या वाऱ्याने समुद्राकडेच येतात. तुम्ही पळताय तिकडेच तेही येताहेत. शिवाय सेस्ना १७२ इंजिन बंद पडल्यावर ४,५०० फुटांवरून वारा नसताना जेमतेम साडेसहा नॉटिकल मैल तरंगत जातं. किनाऱ्यापासून पाच नॉटिकल मैलांच्या पुढे जाऊ नका, आणि लाइफ जॅकेट डिकीत ठेवू नका, अंगावर घाला.

कामी येते ती खाडी मोजण्याची पद्धत. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, मग लगेच विजयदुर्ग, मग देवगड. विजयदुर्गचा अपवाद सोडला तर दोन खाड्यांत सुमारे २० किलोमीटर, म्हणजे सहा मिनिटं. एका खाडीवर असताना पुढच्या खाडीचं तोंड दिसलं नाही तर तिथेच मागे वळा. ‘अजून थोडं बघू’ म्हणायचं नाही. वळण्याआधी मागे नजर टाका, मागेही आभाळ भरत असतं. पूर्णगडवरून वळून जयगडच्या उत्तरेला ३५ मिनिटं घिरट्या घातल्या, तेव्हा भिंत समुद्रावर गेली आणि देवगडच्या पवनचक्क्या स्पष्ट दिसल्या. त्यात साधारण २० लिटर पेट्रोल गेलं. निघतानाच तासाभराचं, म्हणजे ३५ लिटर, जास्तीचं घ्या. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाचा आहे. तिथे उतरण्याची परवानगी आधी विचारून ठेवा, ढग समोर आल्यावर नव्हे.

अ‍ॅपच्या ‘प्रो’ वर्गणीवर पैसे घालवू नका, हे रागाने लिहितोय. पैसे भरल्यावर रंग गुळगुळीत होतात, ढग पडद्यावर संथ वाहताना दिसतात. ती हालचाल दोन चित्रांच्या मध्ये संगणकाने भरलेली असते. मूळ चित्र तेच, हवामान खात्याच्या साइटवर फुकट मिळणारं, आणि तिथे निदान खरी वेळ तरी लिहिलेली असते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं वीज दाखवणारं ‘दामिनी’ अ‍ॅपही फुकट आहे. निघण्याआधी राजापूर आणि खारेपाटणभोवती वीज पडतेय का ते त्यात बघा. दुपारी बाराच्या आत तिथे वीज दिसली तर विमान बाहेर काढू नका.

सगळ्यात ताजं रडार म्हणजे देवगडातला ओळखीचा माणूस. जयगडला रेंज असेतो त्याला मेसेज करा आणि दोनच गोष्टी विचारा: घाटाकडे काळोख आहे का, आणि वारा अचानक पूर्वेकडून फिरला का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर रत्नागिरीलाही जाऊ नका.