रविवारी रात्री नऊ वाजता

आमच्या घरात कोणताही चित्रपट सलग पाहिला जात नाही. गॅसवर दूध असते, इस्त्रीवाला कपडे घेऊन येतो, मावशीचा फोन येतो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी रिमोट उचलून पडद्यावरच्या माणसाला आहे तसा खिळवून ठेवते. मागच्या आठवड्यात ही पाळी अमेरिकन नट रॉड स्टायगर यांच्यावर आली. ‘मार्टी’ हे १९५३ सालचे अमेरिकन दूरचित्रवाणी नाटक मी पाहत होतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला, लग्नाचे वय उलटून चाललेला एक खाटीक ओळखीच्या मुलीला फोन करून भेटायला येतेस का असे विचारतो आहे, ती पलीकडून काहीतरी सबब सांगते आहे, आणि कॅमेरा सावकाश त्याच्या चेहऱ्याजवळ सरकतो आहे, एवढ्यात दाराची बेल वाजली. कपडे मोजून, पैसे देऊन परत येईपर्यंत बिचारा मार्टी कानाला रिसीव्हर लावून तोंड अर्धवट उघडे ठेवून बसलेला होता.

मूळ प्रक्षेपणाच्या रात्री, म्हणजे २४ मे १९५३ रोजी, त्याला असे थांबवणे कोणालाच शक्य नव्हते. न्यूयॉर्कमध्ये एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीच्या स्टुडिओत स्टायगर तो फोन करत होते त्याच क्षणी तो घराघरांत दिसत होता. थेट नाटक दाखवण्याचा हा उद्योग दर रविवारी रात्री नऊ ते दहा या वेळात वर्षानुवर्षे चालवणाऱ्या निर्मात्याचे नाव फ्रेड को. मिसिसिपी राज्यातल्या ॲलिगेटर नावाच्या गावी १९१४ साली त्यांचा जन्म झाला (गावाचे नाव खरोखरच सुसर आहे), नॅशव्हिलमध्ये ते वाढले, येल विद्यापीठात नाट्यशिक्षण घेऊन त्यांनी साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात हौशी रंगभूमी चालवली, आणि १९४५च्या सुमारास ते एनबीसीत आले. ३ ऑक्टोबर १९४८ रोजी त्यांची ‘फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस’ ही नाट्यमालिका सुरू झाली. फिल्को ही रेडिओ आणि टीव्ही संच बनवणारी कंपनी होती. नाटक चांगले झाले तर संच खपतील, असा तिचा साधा व्यापारी हिशेब असणार.

आपल्याकडे नाटक पाहणाऱ्याला तिसरी घंटा ठाऊक असते. ती झाली की पडदा वर जाणारच; पण दोन अंकांच्या मध्ये निदान बटाटेवड्यापुरती फुरसत असते, नट अडखळला तर विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो, आणि हशा आला की क्षणभर थांबून श्वास घेता येतो. को यांच्या नटांना यांतले फारसे काही नव्हते. प्रेक्षक समोर नसल्यामुळे हशा नाही आणि टाळीही नाही. समोर होते ते प्रखर दिव्यांचा उकाडा, जमिनीवर सापांसारख्या पडलेल्या केबली आणि त्या सांभाळत सरकणारे कॅमेरे. एका प्रवेशातून दुसऱ्या प्रवेशात जाताना नट अक्षरशः पाय न वाजवता धावत असे, एका पोशाखावर दुसरा पोशाख घालूनच आलेला असे, आणि तो पोहोचेपर्यंत कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर रेंगाळत राही. कॅमेऱ्यामागून खुणा करणाऱ्या फ्लोअर मॅनेजरने पाकाची तार पाहावी तसे दोन्ही हात लांबवले की समजायचे, वेळ उरला आहे, सावकाश बोला. बोट हवेत गरगर फिरवले की आवरते घ्या. वाक्य विसरले तर मोठ्याने सांगण्याची सोय नव्हती, कारण ते मायक्रोफोनने टिपले असते. म्हणून त्या काळच्या काही स्टुडिओंत प्रॉम्प्टरच्या हाती आवाज तोडणारे बटण असे: क्षणभर आवाज बंद करायचा, नटाला वाक्य सांगायचे, आवाज पुन्हा सुरू करायचा. घरी पाहणाऱ्याला वाटायचे, यंत्रात काही बिघाड झाला. ही युक्ती वाचल्यापासून मी त्या अज्ञात प्रॉम्प्टरवर बेहद्द खूश आहे.

सुरुवातीला को यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरची गाजलेली नाटके आणि मग कादंबऱ्यांची रूपांतरे केली. पण दर आठवड्याला तासाभराचे नवे खाद्य पुरवायचे तर हा साठा केव्हा ना केव्हा संपणारच. तेव्हा त्यांनी नव्या लेखकांकडून स्वतंत्र नाटके लिहून घेतली, आणि माझ्या मते त्यांची खरी थोरवी येथे आहे. हॉर्टन फूट, टॅड मोसेल, पॅडी चायेफ्स्की ही मंडळी त्यांच्याकडे लिहू लागली. स्टुडिओ अपुरा, पडदा लहान; लढाया आणि वादळे त्यात मावणार नव्हती. मावत होते ते स्वयंपाकघर, बसस्थानक, एखादा खिन्न चेहरा. फूट यांच्या ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’मध्ये एक म्हातारी आपल्या जुन्या गावी जाण्यासाठी घरातून निसटते, एवढेच घडते; अभिनेत्री लिलियन गिश यांनी ती भूमिका मार्च १९५३मध्ये केली. ‘मार्टी’चे बीज तर तालमीच्या जागेत सापडले. हॉटेलच्या नृत्यगृहात तालीम चालू असताना तेथील पाटी त्याचे लेखक चायेफ्स्की यांनी वाचली: मुलींनो, जो विचारेल त्याच्याबरोबर नाचा, पुरुषांनाही भावना असतात, अशा अर्थाची.

को यांनी भव्यही करून दाखवले. ७ मार्च १९५५ रोजी अभिनेत्री मेरी मार्टिन यांनी रंगवलेला ‘पीटर पॅन’ हा परीकथेतला उडणारा मुलगा तारांना लटकून, रंगीत आणि थेट, कोट्यवधी प्रेक्षकांसमोर उडाला. विक्रम म्हणून ते मोठेच. पण मला त्या उड्डाणापेक्षा मार्टीच्या फोनचे भय अधिक वाटते. तार तुटली तर निदान कारण दिसेल. चेहरा खोटा पडला तर कोणाकडे बोट दाखवणार?

पुढे १९५६मध्ये व्हिडिओ टेप आली. त्याआधीचे जे काही उरले ते किनेस्कोपमुळे: टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून केलेले, थोडे धूसर चित्रण. मी रिमोटने थांबवला तो मार्टी असा, चित्राचे चित्र होता. कपडे कपाटात ठेवून मी बटण दाबले, तो पलीकडच्या मुलीला बरे म्हणाला, आणि रिसीव्हर खाली ठेवला. त्या रात्री दहा वाजता प्रक्षेपण संपले, आणि पुढच्या रविवारी नऊला को यांना दुसरे नाटक द्यायचे होते.