आवाज कन्नडमध्ये, उत्तर मराठीत: माझा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला ऐकू येणारा आवाज कन्नडमध्ये बोलायचा आणि भाऊ त्याला मराठीत उत्तरं द्यायचा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. आई म्हणाली, करणी आहे. भाऊबंदांतल्या एका घराकडं बोट दाखवून झालं, देवऋषी झाला, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आलो. मग बेळगावात मानसोपचारतज्ज्ञांनी सायकोसिस, म्हणजे खरं-भासाचं भान सुटणारा आजार, सांगितला आणि गोळ्या दिल्या. झोप परतली, आरडाओरडा थांबला. आवाज मात्र राहिला, म्हणून काऊन्सेलिंग.

पहिल्या ठिकाणी जमलं नाही. छापील इंग्रजी तक्ता, त्यात विचार, भावना, पुरावा असे रकाने आणि हिंदीत प्रश्न: करणी केली याला पुरावा काय? भाऊ सगळ्याला "जी सर" म्हणायचा आणि गप्प व्हायचा.

दुसऱ्या मॅडम धारवाडकडच्या. घरात कन्नड, पण मराठी अगदी आमच्यासारखी. करणी खरी की खोटी हा वाद त्यांनी काढलाच नाही. आवाज कधी येतो, काय सांगतो, त्याचं ऐकलं नाही तर काय होईल असं वाटतं, एवढंच विचारत राहिल्या. भावाला लिहायचा कंटाळा, म्हणून मोबाइलवर बोलून ठेवायला सांगितलं. त्यातून कळलं, आवाज तिन्हीसांजेला, एकटा असताना येतो आणि रात्री झोप मोडली असेल तर जास्त. त्याची मान डोलवायची सवयही त्यांनी हेरली. "मी आज जे सांगीन त्यातलं एक तरी तू खोडून काढायचं," म्हणाल्या. मोठ्यांसमोर उलट बोलायची मुभा त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली असेल.

आईलाही त्यांनी आत बसवलं, भावाला विचारूनच. माणूस गेल्यावर त्याचा आवाज पुष्कळांना येतो, असं त्या सांगत होत्या. तेवढ्यात आई म्हणाली, "हे गेल्यावर मलाबी यांची हाक यायची. चुलीपाशी असले की हमखास." घरात हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं. भावानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. त्या दिवसापासून तो बोलायला लागला, आणि मला विचाराल तर औषधानंतरचा सगळ्यात मोठा फरक तिथंच पडला.

मग विहिरीचं ठरलं. विहिरीकडं गेलास तर मरशील, असं आवाज बजावायचा, म्हणून भाऊ शेतात जाईनासा झाला होता. मामाला बरोबर घेऊन तो आधी बांधापर्यंत गेला, पुढं विहिरीपर्यंत. आवाज ओरडत राहिला, पण झालं काहीच नाही. हे त्यानं स्वतः मॅडमना सांगितलं.

देवाला जायला मॅडमनी कधी अडवलं नाही. अंगारा लावा, पण गोळी चुकवायची नाही. मारझोड, उपाशी ठेवणं, बांधून घालणं चालणार नाही. साखळीनं बांधायला तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदीच आहे, हे त्यांनी मामाला नीट समजावलं.

ही पद्धत तुमची का, असं मी विचारलं. इंग्लंडात शनाया राठोड, डेव्हिड किंग्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकी-कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई मुस्लिम रुग्णांसाठी हीच बोलण्याची थेरपी त्यांच्या समजुतींना धरून बदलून पाहिली, 2013 मध्ये त्याची चाचणीही छापून आली, असं त्या म्हणाल्या. उपचारांचे नियम सुचवणाऱ्या तिथल्या नाइस संस्थेची या थेरपीसाठी शिफारस किमान 16 बैठकांची आहे. गावाकडून बस बदलत तेवढ्या फेऱ्या करणं सोपं नाही, म्हणून मधल्या काही बैठका फोनवर झाल्या. ज्यांना तालुक्याला कुणी भेटत नाही त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा, मराठीत बोलायची सोय मागावी आणि घरात दुखण्याला जे नाव असेल तेच नाव सांगावं.

आवाज अजून अधूनमधून येतो, गोळ्याही चालू आहेत. भाऊ ऊसतोडीच्या हंगामात शेतावर असतो. मागच्या वेळी मी नेहमीसारखी मॅडमच्या खोलीत शिरायला लागले तर म्हणाला, "आक्का, तू भाईर बस. मी सांगतो."