पुढे आलेली हेडरेस्ट परत जागेवर बसवली, त्याची हकिगत

साताऱ्याहून पुण्याला परतताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर आमची गाडी रांगेत उभी होती आणि मागच्या पिकअपवाल्याने ब्रेक उशिरा दाबला. धडक मोठी नव्हती. मागचा बंपर चेपला, डिकीचं झाकण एका बाजूने घासायला लागलं. एअरबॅग उघडल्या नाहीत. मागून बसलेल्या धक्क्यात पुढच्या एअरबॅग सहसा उघडतही नाहीत. दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, पिकअपवाल्याचा नंबर घेतला आणि आम्ही निघालो.

कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे शेजारच्या सीटवरून आई म्हणाली, "अगं, ही मागची उशी माझं डोकं पुढे ढकलतेय. मघाशी अशी नव्हती." तेव्हा माझ्याही लक्षात आलं की मी मान खाली घालून गाडी चालवते आहे. धक्क्याने अंग आखडलं असेल असं मला वाटत होतं. घरी पोचल्यावर दिव्याखाली पाहिलं, तर पुढच्या दोन्ही सीटची हेडरेस्ट मूळ जागेवरून सुटून पुढे आणि थोडी वर आली होती. माझ्या बाजूला पुढची गादी आणि मागचं प्लास्टिकचं कवच यांच्यात बोटं जातील एवढी फट पडली होती. आईच्या बाजूला रेक्झिनचं सीट कव्हर ताणून फुगलं होतं आणि त्याची वरची शिवण उसवली होती.

गाडी २०१२ सालची मर्सिडीज सी-क्लास, चाकणला जोडलेली, आम्ही सेकंड हँड घेतलेली. दुसऱ्या दिवशी डेंटिंग-पेंटिंगसाठी जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने हेडरेस्ट दोनदा दाबून पाहिलं, ते मागे जाईना. "मॅडम, आतलं लॉक तुटलंय. दोन्ही बदलावी लागतील. पार्ट मागवायला लागेल." त्याने हाताने लिहून दिलेल्या एस्टिमेटमध्ये सगळ्यात मोठा आकडा बंपरचा नव्हता, डिकीचाही नव्हता, या दोन हेडरेस्टचा होता. तो फसवत होता असं मला आजही वाटत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांत अशी हेडरेस्ट फारशी नसतात आणि पुढे आलेली, दाबूनही न हलणारी वस्तू पाहिली की कुणालाही ती मोडलीच वाटेल.

पण दोन्ही बाजूंना, अगदी एकसारखी, एकाच क्षणी कशी मोडतील? हा प्रश्न मला सोडेना. म्हणून एस्टिमेट पर्समध्ये ठेवलं, गाडी परत आणली आणि ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढलं. काही मोडलेलंच नव्हतं. हेडरेस्टने त्याचं काम केलं होतं आणि आता ते परत चढवून ठेवायचं होतं.

मागून धडक बसते तेव्हा सीट पाठीला पुढे ढकलते, पण डोकं जडत्वामुळे क्षणभर तिथेच राहतं. छाती पुढे गेलेली, डोकं मागे राहिलेलं, आणि मधल्या मानेला विचित्र पीळ बसतो. यालाच व्हिपलॅश म्हणतात. डोकं आणि हेडरेस्ट यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितकी मान मागे जायला मोकळी. ते अंतर धडकेच्या क्षणी आपोआप भरून काढणारं हेडरेस्ट म्हणजे ॲक्टिव्ह हेडरेस्ट. मर्सिडीज त्याला नेक-प्रो म्हणते. आत ताणून ठेवलेली स्प्रिंग असते. ठरावीक तीव्रतेची मागची धडक सेन्सरला जाणवली की कंट्रोल युनिट ती सोडतं आणि गादी सुमारे ४० मिलिमीटर पुढे आणि ३० मिलिमीटर वर येते, डोकं मागे पोचायच्या आत. टोलनाक्यावर नेमकं हेच झालं होतं आणि आम्हा दोघींना कळलंही नव्हतं.

ही कल्पना जुनी आहे. साब या स्वीडिश कंपनीने १९९७ मध्ये ९-५ नावाच्या गाडीत पहिलं ॲक्टिव्ह हेडरेस्ट दिलं. त्यात सेन्सर नव्हता, वीज नव्हती. धडकेत माणसाची पाठ सीटमध्ये रुतायची, त्या दाबाने आतली तरफ फिरायची आणि हेडरेस्ट पुढे यायचं. दाब गेला की ते आपसूक मागे. आजही काही गाड्यांत याच जातीची यंत्रणा आहे आणि तिथे रिसेट करण्याचा प्रश्नच येत नाही. स्प्रिंग सुटणाऱ्या जातीत मात्र ते हाताने परत चढवावं लागतं, आणि न चढवता गाडी चालवत राहिलं तर पुढच्या धडकेत ते काहीच करणार नाही. गादी पुढे आलेलीच आहे, मग संरक्षण चालूच असेल, असं माझ्या भावाचं म्हणणं होतं. पण एकदा सुटलेल्या स्प्रिंगमध्ये पुन्हा सुटायला काही उरलेलं नसतं. शिवाय मान खाली घालून तासन् तास बसणं हा वेगळा त्रास.

आता प्रत्यक्ष काम. आधी सीट कव्हर काढली. ही आधीच्या मालकाने बसवलेली होती, हेडरेस्टवर मोज्यासारखी घट्ट चढणारी. या प्रकारच्या हेडरेस्टवर कंपनीने मान्य केलेलंच कव्हर वापरा असं मॅन्युअलमध्ये बजावलं आहे, आणि का ते आईच्या बाजूला समोरच दिसत होतं. गादीला पुढे यायचं होतं आणि कव्हर तिला मागे धरून ठेवत होतं. शिवण उसवली म्हणून ती बाहेर तरी आली. शिवण आणखी पक्की असती तर आईच्या मानेमागे ते किती पुढे आलं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप नीट लागली नाही.

ड्रायव्हरच्या बाजूने सुरुवात केली. सरळ मागे दाबून ते कधीच बसत नाही, आणि गॅरेजमध्ये नेमकं तेच केलं गेलं होतं. क्रम असा आहे: गादीचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरून आधी पुढे झुकवायचा. मग ती तशीच खाली दाबायची, जाईल तेवढी. आणि मग जोर लावून मागे ढकलायची, ती कवचात अडकेपर्यंत. पुढे, खाली, मागे. पहिल्या दोन हालचालींना फारसं बळ लागत नाही. तिसरीला लागतं, कारण तेव्हा तुम्ही ती स्प्रिंग परत ताणत असता. मी सीटवर गुडघा टेकून, कोपर सरळ ठेवून, दोन्ही तळवे गादीच्या मधोमध लावून अंगाचा भार दिला. आतून आधी घासल्याचा कर्र आवाज आला आणि मग खणखणीत "टक्". फट मिटली. बोट फिरवून पाहिलं तर गादी आणि कवच चारी बाजूंनी सारखं जुळलं होतं.

(काही जुन्या मॉडेलांत हे नुसत्या हाताने होत नाही. गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात एक चपटं साधन दिलेलं असतं, ते गादी आणि मागच्या कवचाच्या मधल्या खाचेत घालून आवाज येईपर्यंत खाली दाबायचं, काढून घ्यायचं आणि मग गादी ढकलायची. जुनी गाडी विकत घेताना ते पाकीट मागून घ्या. बहुतेक लोक त्यात फक्त आरसी पाहतात.)

आईची बाजू मात्र बसेना. पुढे, खाली, मागे. सगळं तसंच केलं, तरी शेवटी गादी अर्ध्यात येऊन थांबायची आणि हात काढला की परत पुढे. इथे मी जोर वाढवला नाही. मोबाइलचा टॉर्च लावून फटीत पाहिलं. उसवलेल्या शिवणीचा नायलॉनचा दोरा, रेक्झिनच्या चिंधीसकट, उजव्या बाजूला खाली गुंतून बसला होता. काळ्या प्लास्टिकवर काळा दोरा, टॉर्चशिवाय दिसणं अशक्य. भुवया कोरायच्या चिमट्याने तो हळूहळू ओढून काढला. मध्येच तुटला तर तुकडा आत राहील, म्हणून घाई केली नाही. चिंधी निघाल्यावर पुन्हा तोच क्रम, आणि त्याही बाजूला "टक्".

बसलं की नाही हे ओळखायची आणखी एक खूण आहे. सुटलेलं हेडरेस्ट वर-खाली करता येत नाही. लॉक झालं की उंची नेहमीसारखी बदलते. दोन्ही बाजूंना ती बदलून पाहिली. याच वेळी आईच्या हेडरेस्टची उंचीही नीट लावली. ते इतके दिवस सगळ्यात खालच्या खाचेत होतं, म्हणजे तिच्या मानेमागे, डोक्यामागे नव्हे. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या पातळीला यावी, निदान कानाच्या वर तरी यावी, आणि डोक्यामागचं अंतर जितकं कमी तितकं चांगलं. अमेरिकेच्या नियमात पुढच्या सीटसाठी हे अंतर ५५ मिलिमीटरच्या आत हवं असं आहे. हेडरेस्ट मुळातच इतकं जवळ आणायचं ठरल्यावर पुढे झेपावणाऱ्या यंत्रणेची गरजही कमी झाली, म्हणून हल्लीच्या कित्येक गाड्यांत ती दिसत नाही.

आईच्या मानेबद्दल सांगायलाच हवं. टोलनाक्यावर तिला काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मान एका बाजूला वळेना. व्हिपलॅशची दुखणी अशी उशिरा वर येतात हे मला ऐकून माहीत होतं, म्हणून वाट न पाहता हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हाता-पायांना मुंग्या येतात का, चक्कर येते का, बोटांत जोर कमी वाटतो का हे विचारलं, एक्स-रे काढला, आणि स्नायू आखडलेत, आणखी काही नाही असं सांगितलं. शेक आणि हलके व्यायाम. ती बरी झाली. मागून धडक बसलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की गाडीचा पत्रा पाहून मानेचा अंदाज बांधू नका, विशेषतः गाडीत वयस्कर माणूस असेल तर.

हेडरेस्ट घरी चढवलं म्हणजे काम संपलं असं नाही. मागच्या धडकेनंतर ते वर्कशॉपमध्ये तपासून घ्या असं मॅन्युअलच सांगतं. म्हणून या गाड्या नेहमी हाताळणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या काकांनी आधी दोन्ही हेडरेस्ट हाताने ओढून पाहिली, मग स्कॅनर लावून एअरबॅगच्या यंत्रणेत दोष दिसतो का ते पाहिलं. चालू दोष एकही नव्हता. सीटखालचे पिवळे कनेक्टर त्यांनी दाखवले आणि म्हणाले, "ताई, पिवळी वायर दिसली की हात लावायचा नाही. ती एअरबॅगची, बेल्टची." घरी दुरुस्ती करणाऱ्याने हे वाक्य लक्षात ठेवावं. गादी ढकलणं आपलं काम. हेडरेस्ट उघडणं, सीटखालचे कनेक्टर सोडवणं आपलं काम नाही. बिलावर "दोन्ही हेडरेस्ट तपासली, लॉक बरोबर" एवढं मी लिहून घेतलं, कारण गाडी पुढे कुणाला विकली तर त्यालाही ते कळायला हवं.

आता विमा. पहिलं एस्टिमेट धरलं असतं तर क्लेम करणं भागच होतं. हेडरेस्टचा आकडा वजा झाल्यावर बंपर आणि डिकीच उरली, आणि गणित उलटं झालं. बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे झीरो डेप (म्हणजे पार्टवर घसारा न कापण्याची सोय) नसलेल्या पॉलिसीत त्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २००० रुपये आपल्याला भरावेच लागतात. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जातो. सलग पाच वर्षं क्लेम न केल्याने आमचा तो ५० टक्क्यांवर पोचला होता. पुढच्या वर्षी तो शून्यावर आला असता आणि पुन्हा २० टक्क्यांपासून चढायला लागला असता. मी क्लेम केला नाही, बंपर दुरुस्त करून रंगवून घेतला. तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो, पण तो हेडरेस्ट खरंच मोडलंय की नुसतं सुटलंय हे कळल्यानंतरच करा.

काही गाड्यांत हे हेडरेस्ट स्प्रिंगऐवजी छोट्या स्फोटकाने सुटतं. तिथे घरी काही करायचं नाही, तो भाग बदलावाच लागतो. कुठल्या जातीचं आहे हे मॅन्युअलच्या सीट किंवा सुरक्षा या प्रकरणात दिलेलं असतं. स्प्रिंगचं असेल आणि पुढे-खाली-मागे करूनही बसत नसेल, तर आधी कव्हर काढा, फटीत उजेड टाकून बघा. तरीही नाही बसलं तर हातोडी-पाना न घेता वर्कशॉप गाठा. आमच्या गाडीत आता पुढच्या सीटला हेडरेस्ट झाकणारी कव्हर नाहीत. पाठीपुरतीच शिवून घेतली आहेत, तीही सीटमधली बाजूची एअरबॅग जिथून बाहेर येते ती शिवण मोकळी सोडून.