तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला जर्मनीला पाठवू का?

दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मी सोलापुरात असते आणि होम मैदानावरच्या गर्दीतही कुणीतरी गाठून विचारतंच, "तिकडं छान असंल ना गं? आमच्या पोराला पाठवू का?" अकरा वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: "पाठवा की. होतंय सगळं." अलीकडे मी विषय बदलते. ताईला आता गर्व चढलाय, असं काहींचं म्हणणं कानावर आलं. ते मनाला लागलं, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

मी २०१३ साली केम्नित्सला गेले. पूर्व जर्मनीतलं हे शहर आपल्यासारखंच कापडावर वाढलेलं, १९९० नंतर तिथलेही कारखाने बंद पडत गेले. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे लाल विटांच्या त्या रिकाम्या इमारती मला पहिल्या दिवसापासून ओळखीच्या वाटल्या. तिथल्या मराठी माणसांत दोन तऱ्हा दिसल्या. काही जण सगळ्याला छान म्हणायचे. काही जण पंधरा-वीस वर्षं राहूनही कुरकुरायचे: रविवारी दुकानं बंद, शेजारी जिन्यात भेटला तर हॅलोच्या पुढे जात नाही, डिसेंबरात चार वाजता अंधार. मी पहिल्यांतली. दुसऱ्यांचा मला राग यायचा. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावातून मी आले होते आणि तिथंही कुणी रडत बसत नव्हतं. घागरी भरायच्या आणि कामाला लागायचं, हीच माझी शिकवण होती. मला आजही ती चुकीची वाटत नाही.

आमच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा २०२२ च्या ऑक्टोबरात आला तो माझ्या शब्दावर. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, तेव्हा वर्षाचे १०,३३२ युरो दाखवावे लागायचे (२०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४). त्यासाठी काकूंनी घर गहाण टाकलं. त्याआधी वर्षभर मी त्याला व्हिडिओ कॉलवर नाताळचा बाजार दाखवत होते, दिव्यांची रोषणाई, बर्फ. मी निघाले तेव्हा मामांनी मला डॉक्टर कोटणीसांचं उदाहरण दिलं होतं, सोलापूरचा माणूस १९३८ साली चीनला गेला आणि तिथलाच झाला. तेच मी ह्याला ऐकवलं. कोटणीस बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले, हे मामांनीही सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत तो फोन उचलेना. परीक्षेचे दिवस होते, अभ्यासात असेल म्हणून मी आठवडा जाऊ दिला. तो आठवडा मी अजून मोजते. मग काकूंचाच फोन आला, "तुझ्याशी तरी बोलतोय का?" मी ट्राम पकडून त्याच्या हॉस्टेलवर गेले. दुपारचा एक वाजला होता, खिडकीचं शटर खालपर्यंत ओढलेलं. खोलीला न उघडलेल्या खिडकीचा वास. टेबलावर काकूंनी पाठवलेल्या शेंगाचटणीचं पाकीट, सील तसंच. शेजारी कडक भाकऱ्यांची चवड, पिशवीत हात घालून घालून तळाशी नुसता चुरा झालेला. तो म्हणाला, एका विषयात दोनदा नापास झालोय, तिसऱ्यांदा गेलो तर नाव कमी होतं, म्हणून पेपरला गेलोच नाही. मी लगेच सुरू केलं, काही होत नाही रे, डॉक्टरची चिठ्ठी आणू, ह्यांना भेटू, त्यांना भेटू. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, तुम्हाला इथं कधी रडू आलं नाही?"

"आलं की. पहिल्या हिवाळ्यात रोज. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे."

"मग सांगितलं का नाही? मला वाटलं, मलाच होतंय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री त्याच्याजवळ जाऊन बसले ते आमच्यातले सगळ्यात कुरकुरे दादा. त्यांच्याशी तो दोन वाजेपर्यंत बोलला, कारण हे इथं बोलता येतं हे त्याला त्यांच्याकडे बघून कळलं असावं. एप्रिलमध्ये तो परत आला. आता एमआयडीसीत नोकरी करतो, घरावरचं कर्ज फेडतोय.

तरीही सगळा दोष मी माझ्या अंगावर घेणार नाही. त्याच वर्षी आलेली, माझंच बोलणं ऐकलेली अक्कलकोटची मुलगी पास होऊन नोकरीला लागली. आणि ते दादा? वीस वर्षं कुरकुरताहेत, पण परत यायचं नाव नाही. त्यांची नात दुसरीत आहे, एकटी चालत शाळेत जाते, हे ते कधी बोलून दाखवत नाहीत. म्हणजे त्यांचंही बोलणं अर्धंच. २०१३ मधल्या मला कुणी खरं सांगितलं असतं तर मी गेले असते का? मला वाटतं, नसते गेले. आणि न जाता मी सुखी झाले असते असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. माझ्यातली ती रडणारी मुलगीच सकाळी सहाला उठून जर्मनचा क्लास करत होती, आणि "होतंय की" म्हटल्याशिवाय ती उठली नसती.

यंदा संक्रांतीला काकूंकडे गेले. दरवर्षीसारख्या कडक भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. मुलाबद्दल त्या मला एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त ओझं होतं. गाठ मारता मारता म्हणाल्या, "धाकटीच्या पण मनात हाय. तू काय म्हणतीस?"

मी म्हटलं, "काकू, आधी तिला नोव्हेंबरात महिनाभर माझ्याकडं राहायला पाठवा. तिकिटाचं मी बघते."

"विचारते तिला," म्हणाल्या. अजून फोन आलेला नाही.