आप्पा, गाल फुगवा

आप्पांच्या डाव्या गालातली जखम भरतच नव्हती. चाळीस वर्षं तंबाखूचा बार ते तिथंच भरायचे. लालबागमधल्या एका दवाखान्यात अक्कलदाढ घासतेय म्हणून दोन महिने गोळ्या आणि मलम चाललं. तोवर तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासं झालं. शेवटी जखमेचा तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर.

परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये फाईल काढली आणि मी पहिलं विचारलं, "ऑपरेशन कधी?" डॉक्टर म्हणाले, "आधी स्कॅन. तुकड्यावरून रोग कळला, तो कुठवर गेलाय ते कळलं नाही." एकेक दिवस आमच्या जिवावर आला होता, त्यामुळे मला हा वेळकाढूपणा वाटला. तसं नव्हतं.

सीटी स्कॅनच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं, त्यावरून किडनी नीट चालतेय का ते कळतं. कारण स्कॅन स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध किडनीवाटे बाहेर पडतं. मग टेक्निशियनने आप्पांना सांगितलं, "आजोबा, ओठ मिटून गाल फुगवायचे आणि तसेच धरून ठेवायचे." गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटून असतात. मध्ये हवा भरली की दोन्ही सुटे दिसतात आणि रोग नक्की कुठून उठलाय ते कळतं. तोंड उघडत नसलं तरी फुगवता येत होतं. बाहेर बाकड्यावर बसून आप्पांनी कितीदा तरी सराव केला. मी बोटांवर दहा मोजायचे आणि ते डोळे मोठे करून श्वास धरायचे. एवढ्या मन लावून त्यांनी काही केलेलं मी फार दिवसांनी पाहिलं.

खालच्या जबड्याच्या हाडाची कड रोगाने खाल्लेली निघाली. मानेत, जबड्याखाली, एक गोल गाठ होती आणि ती आतून काळपट दिसत होती, म्हणजे रोग तिथवर गेल्याची खूण. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. रोग इतका पुढे गेलाय म्हटल्यावर, तो अंगात आणखी कुठं पसरलाय का ते बघायला पेट स्कॅन सांगितला.

पेटला सहा तास उपाशी राहायचं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, कारण इंजेक्शनमध्ये साखरेसारखाच किरणोत्सारी पदार्थ असतो आणि भुकेल्या पेशी तो ओढून घेतात. त्यानंतर तासभर गप्प पडून राहायचं. बोलायचं नाही की चावायचं नाही, नाहीतर जबड्याचे स्नायूही साखर ओढतात आणि चित्र फसतं. आप्पांची तर रिकामं तोंडही हलवायची सवय! बाहेर आल्यावर म्हणाले, "जीभ टाळूला लावून ठेवली होती गं पोरी." त्या औषधाचा जोर दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, तरी त्या रात्री नातवाला त्यांच्या मांडीवर बसू दिलं नाही.

रिपोर्टमध्ये गाल आणि मान होतीच. पण छातीतल्या गाठीही चमकत होत्या. संपलं सगळं, असं वाटून मी बाहेर फुटपाथवर, पेशंटांची बिऱ्हाडं असतात तिथंच, खाली बसले. आप्पांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "यांना कधी टीबी झाला होता का?" झाला होता, गिरणीत असताना. डॉक्टर म्हणाले, चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं. टीबी आणि सूजही साखर ओढतात, म्हणून सुई घातल्याशिवाय काही ठरवायचं नाही. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून सुईने त्या गाठींतलं पाणी काढून तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या नाहीत. तुमच्या हातात असा रिपोर्ट आला तर सुईच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

मग ऑपरेशन झालं. जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या 34 गाठी, म्हणजे प्रत्येकाच्या मानेत असतात त्या लसिका ग्रंथी, काढल्या. दोनमध्ये रोग होता. एक सीटीत दिसलेली. दुसरी मसुराच्या डाळीएवढी, जी एकाही स्कॅनमध्ये आली नव्हती. पुढे रेडिएशनचे 30 शेक झाले. आप्पा आता चमच्याने मऊ खिमट खातात, आणि तंबाखूची डबी त्यांनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली.